लिस्बनमध्ये राहायचं कुठे? (आई, तिचा गुडघा आणि अल्फामा)

पावसाळी_चप्पल
८ फेब्रुवारी २०२६, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मे महिन्यात लिस्बनला सहा रात्री जायचं ठरलंय. आम्ही चौघं: मी, नवरा, लेक (वय ११) आणि माझी आई (वय ६९). आईचा उजवा गुडघा कुरकुरतो. सपाटीवर दोन-अडीच किलोमीटर आरामात चालते, पण जिना दिसला की आधी कठडा शोधते.

व्हिसाच्या कागदांत राहण्याचं बुकिंग दाखवावं लागतं, म्हणून घाईघाईने अल्फामा या जुन्या वस्तीत एक घर घेऊन टाकलंय. १५ एप्रिलपर्यंत फुकट रद्द करता येतं. फोटो बघून मी भुलले हे कबूल. पिवळी भिंत, निळ्या फरशा, खिडकीतून नदी. 'किल्ल्यापासून ३५० मीटर, नदीपासून ४०० मीटर' असं लिहिलंय, म्हणजे सगळं हाकेच्या अंतरावर. पण जसजशी वाचतेय तसतसा गोंधळ वाढतोय. कुणी म्हणतं बैक्सा, कुणी बैरो अल्टो, कुणी आणखी काही. (नावं चुकली असतील तर सांभाळून घ्या.)

आमच्या अटी: शाकाहारी आहोत (नवरा अंडं खातो, पण आईसमोर नाही). आईला पहाटे सहाला चहा लागतो, तेव्हा स्वयंपाकघर हवं. एक दिवस जवळचं सिंत्रा गाव करायचंय. रात्री झोप मिळायला हवी. रात्रीचे १४०-१५० युरोपर्यंत चालेल.

भटका_जोशी
८ फेब्रुवारी, रात्री १०:४०

अल्फामा. चर्चा संपली, धागा बंद करा. :)

गंमत सोडा. १७५५ च्या भूकंपात लिस्बन कोसळलं, आगी लागल्या, समुद्राच्या लाटा नदीतून शहरात घुसल्या. त्यातून जे बऱ्यापैकी वाचलं त्यातलं हे एक. गल्ल्यांची वळणं अजून मूरांच्या काळातली आहेत. मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा तिथेच राहिलो. सकाळी खिडकी उघडावी तर समोरच्या आजी कपडे वाळत घालतायत, खालून सार्डीन भाजल्याचा वास येतोय, संध्याकाळी कुठूनतरी फादो (तिथली उदास गाणी) ऐकू येतंय. सरळ रस्त्यावरच्या चौकोनी हॉटेलातच राहायचं असेल तर हिंजवडी काय वाईट? चढाची सवय दोन दिवसांत होते, पाय तयार होतात.

नाशिकचा_चिवडा
८ फेब्रुवारी, रात्री १०:५२

जोशीबुवा, तुमच्या पाठीवर सॅक होती. ताईंसोबत आई आहेत. आणि शाकाहारी माणसाला सार्डीनच्या वासाचं आमिष?

हाडवैदू
८ फेब्रुवारी, रात्री ११:२०

मी फिजिओथेरपिस्ट, तेव्हा गुडघ्यापुरतंच बोलतो. 'पाय तयार होतात' हे पंचविशीत खरं. एकोणसत्तरीचा झिजलेला गुडघा सहा दिवसांत तयार होत नाही, सुजतो. दुसरं म्हणजे लोक चढाला घाबरतात. चढताना दम लागतो खरा, पण गुडघ्यावर जास्त भार येतो तो उतरताना. त्यामुळे 'टॅक्सीने वर जाऊ आणि रमतगमत चालत खाली येऊ' हा सगळ्यांचा आवडता बेत तुमच्या आईंसाठी नेमका उलटा आहे.

घर कितव्या मजल्यावर? लिफ्ट आहे? रस्त्यापासून लिफ्टच्या दारापर्यंत पायऱ्या किती? हा तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही.

पावसाळी_चप्पल
९ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

तिसरा मजला. लिफ्टबद्दल चकार शब्द नाही. पत्त्यात 'एस्काडिन्हास' असं काहीतरी आहे आणि पुढे एका संताचं नाव.

तेजोकाठी
९ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

ताई, तुमचं उत्तर पत्त्यातच आहे. तो शब्द 'इश्कादिन्याश', म्हणजे 'छोट्या पायऱ्या'. तुमच्या घराला रस्ता नाहीच, जिना आहे. टॅक्सी खाली कुठेतरी सोडेल, तिथून बॅगा उचला, तो जिना चढा, आणि मग इमारतीचे तीन मजले.

मी मूळचा फोंड्याचा, चौदा वर्षं इथे आहे. दर उन्हाळ्यात गावाकडचं कुणी ना कुणी येतं आणि दर वेळी हीच चूक करतं, ती म्हणजे नकाशावरचं अंतर बघणं. नकाशा चपटा असतो आणि हे गाव टेकड्यांवर बसलंय. तुमचे किल्ल्यापर्यंतचे ३५० मीटर खोटे नाहीत, फक्त ते आडवे नसून उभे आहेत.

आधी नावं समजून घ्या, निम्मं काम तिथेच होतं. बैक्सा नव्हे, 'बायशा'. अर्थ 'खालची'. बैरो अल्टो नव्हे, 'बायरू आल्तू', म्हणजे 'वरची वस्ती'. आपल्याकडे खालची आळी आणि वरची आळी असते ना, तेवढंच. मधल्या उतारावर 'शियादू'.

मग रस्त्याच्या नावातला पहिला शब्द वाचा. 'अव्हनीदा' असेल तर बिनधास्त. 'रुआ' म्हणजे साधा रस्ता, सपाट असेल किंवा नसेलही. 'काल्सादा' दिसलं की बहुतेक तीव्र चढ समजा. 'कोश्ता' म्हणजे टेकडीची कूस. 'बेकू' म्हणजे बोळ, गाडी जाणार नाही. 'इश्कादिन्याश' तुम्हाला कळलंच. आणि जाहिरातीत 'मिरादोरू जवळ' असं कौतुकाने लिहिलेलं असतं, तर मिरादोरू म्हणजे जिथून शहर खाली दिसतं ती जागा. ते जवळ आहे म्हणजे तुम्ही टेकडीच्या डोक्यावर आहात.

पत्त्याच्या शेवटी आकडा आणि एक छोटा शब्द असतो. '३ दिरैतू' म्हणजे तिसरा मजला, उजवीकडचं दार. 'इश्केर्दू' म्हणजे डावीकडचं. मजले आपल्यासारखेच मोजतात, तळमजला वेगळा, पहिला त्याच्या वर. तळमजला 'आर/सी' असा लिहितात. आईंसाठी तो बरा वाटेल, पण जुन्या वस्तीतल्या तळमजल्याच्या खिडकीबाहेर रात्री माणसं उभी राहून गप्पा मारतात, तेव्हा जपून.

आता काम आहे, जागांबद्दल रात्री लिहितो.

केसरभात
९ फेब्रुवारी, सायंकाळी ५:१५

आम्ही दोन वर्षांपूर्वी बायशात राहिलो होतो, सासरे सोबत होते (वय ७४). भूकंपानंतर हा भाग चौकटी आखून नव्याने बांधला, त्यामुळे सगळं सरळ आणि सपाट. रस्त्यांना धंद्यांची नावं: सोन्याचा रस्ता, चांदीचा, चांभारांचा, कापडवाल्यांचा. सासऱ्यांना हे फार आवडलं, म्हणाले आपल्या पेठांसारखंच, तांबट आळी आणि कासार आळी.

तिथे एक युक्ती सापडली, ती खास सांगते. कापडवाल्यांचा रस्ता म्हणजे रुआ दुश फांकैरुश. तिथल्या एका साध्या इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट. ती वरच्या रस्त्यावर सोडते. मग चार पावलांवर एका सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट, तीही फुकट. तिने वर गेलात की किल्ल्याची बरीचशी चढण संपलेली असते. आम्ही समोरच्या रांगेतल्या लोकांना घामाघूम होऊन पायऱ्या चढताना बघत होतो आणि सासरे दही घेऊन लिफ्टमधून वर.

तसंच बायशा-शियादू मेट्रो स्टेशन. ते इतकं खोल आहे की एक तोंड खालच्या बायशात आणि दुसरं वर शियादूत उघडतं. मध्ये सरकते जिने. लोक गाडी न पकडताही टेकडी चढायला तो मार्ग वापरतात.

तोटे: प्रवासी सोडून कुणी राहत नाही असं वाटतं. दारात मेनूकार्ड घेऊन उभे राहणारे लोक पाठ सोडत नाहीत. भाजीचं दुकान शोधायला वणवण. आणि पहाटे काचेच्या बाटल्यांचा कचरा उचलणारी गाडी येते, तो आवाज मी अजून विसरले नाही.

स्लीपरकोच
९ फेब्रुवारी, सायंकाळी ६:००

पार्क दाश नासोंयश बघा. १९९८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी वसवलेला भाग. पूर्ण सपाट, रुंद पदपथ, लिफ्टवाल्या नव्या इमारती, मत्स्यालय (लेक खूश), नदीकाठी फिरायला जागा, विमानतळ मेट्रोने तिसऱ्या स्टेशनावर. आम्ही ऑफिसच्या कामाने गेलो होतो, काहीही त्रास झाला नाही.

भटका_जोशी
९ फेब्रुवारी, सायंकाळी ६:१०

त्रास झाला नाही, कारण तुम्ही लिस्बनला गेलाच नव्हता.

स्लीपरकोच
९ फेब्रुवारी, सायंकाळी ६:१४

:) मान्य. संध्याकाळी जुन्या गावात जाऊन परत यायचं म्हणजे रोज लाल लाइन, गाडी बदला, वगैरे झालंच.

तेजोकाठी
९ फेब्रुवारी, रात्री ११:४५

आलो. केसरभात, त्या दोन लिफ्टची माहिती एकदम बरोबर. आता माझी मतं. पटली नाहीत तर जोशींकडे तक्रार करा.

बायरू आल्तू: नाही. दिवसा झोपलेलं असतं, रात्री दहानंतर जागं होतं. बार छोटे, म्हणून पेले घेऊन सगळे रस्त्यावर. खिडकी बंद करून, कानात बोळे घालूनसुद्धा दोनपर्यंत झोप नाही. खाली नदीजवळचं काइश दु सुद्रे तसंच, त्यातल्या गुलाबी रंगवलेल्या रस्त्याभोवती तर अजिबात नको. (पण काश्काइशच्या समुद्राकडे जाणाऱ्या लोकल तिथूनच सुटतात, हे लक्षात ठेवा.)

ग्रासा: मला स्वतःला सगळ्यात आवडतं. अजून माणसं राहतात, चहाच्या टपऱ्यांसारखी कॉफीची दुकानं आहेत. पण टेकडीच्या माथ्यावर, मेट्रो नाही. भरवसा २८ नंबरच्या ट्रामवर, आणि ती येते तेव्हा लोकांनी खच्चून भरलेली असते. पाकीटमारांची ती लाडकी गाडी आहे. आईंना तिच्यात बसवायचंच असेल तर मार्तिम मोनीजच्या टोकाला तासभर रांग लावू नका. दुसऱ्या टोकाला, कांपू द ओरीकला, सकाळी लवकर जा. आणि २८ च्या मार्गावर घर घेऊ नका. वळणावर तिची चाकं अशी करकरतात की दात शिवशिवतात.

कांपू द ओरीक: सपाट, शांत, बाजार छान, कुटुंबांची वस्ती. मेट्रो नाही हा एकच दोष. विमानतळावरून टॅक्सी करणार असाल तर हरकत नाही.

अव्हनीदा दा लिबर्दाद: झाडांची सावली, मेट्रोची स्टेशनं, लिफ्टवाली हॉटेलं. तुमच्या बजेटात स्वयंपाकघर मिळणं कठीण. त्याच्या वरच्या टोकाकडे साल्दान्या आणि साँव सबाश्तियाँव. कचेऱ्यांचा भाग, दिसायला रुक्ष, पण गुलबेंकियन संग्रहालयाची बाग जवळ आणि चालायला सोपं.

बेलें: मठ, वास्को द गामाची कबर, १८३७ पासूनचं ते पेस्ट्रीचं दुकान. बघायला अर्धा-पाऊण दिवस द्या. राहायला नको, रात्री सामसूम.

आणि माझं मत ज्याला पडतं ते: अरोइउश. हा भाग पर्यटनाच्या पुस्तकांत मागच्या पानांवर असतो. अल्मिरांत रैश नावाचा लांब रस्ता दोन टेकड्यांमधल्या खोऱ्यातून जातो, म्हणून चढ अगदी हलका. त्याच्या खालून हिरवी लाइन. अरोइउशचं स्टेशन बरीच वर्षं बंद होतं, २०२१ मध्ये नव्याने उघडलं, लिफ्टसकट. विमानतळावरून लाल लाइनने अलामेदा, तिथे गाडी बदलली की पुढचंच स्टेशन. उलट बाजूला चार स्टेशनांवर रुसीऊ, जिथून तुमची सिंत्राची लोकल (पाऊण तासाच्या आत पोचते). स्टेशनावर चिलीचा चौक, मध्ये मॅगेलनचा पुतळा. भाजीबाजार गोल इमारतीत. आसपास नेपाळी, बांगलादेशी, पंजाबी दुकानं, त्यामुळे तूरडाळ, हिरवी मिरची, कढीपत्ता, सगळं मिळेल. दोन स्टेशनं खाली अँजुश-इंतेंदेंतकडे रस्त्यावर झोपणारी माणसं दिसतील, ते आधीच सांगून ठेवतो. दिसायला फोटोसारखं नाही. फक्त तिथे लोक राहतात.

नाशिकचा_चिवडा
१० फेब्रुवारी, सकाळी ९:१०

माझ्यासारख्या पै-पै मोजणाऱ्यांसाठी: पर्यटक कर विसरू नका. माणशी रात्रीला ४ युरो, जास्तीत जास्त सात रात्री. तेरा वर्षांखालच्यांना माफ. ताई, तुमचे तिघांचे सहा रात्रींचे ७२ युरो वेगळे काढून ठेवा. आणि हॉटेलात जेवायला बसल्यावर न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह आणून ठेवतात. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा. मी 'वा, काय आदरातिथ्य' म्हणून दोनदा संपवलं.

भटका_जोशी
१० फेब्रुवारी, सकाळी ९:४०

तेजोकाठी, सगळं पटलं. पण मला एक सांगा, सहा दिवसांसाठी एवढ्या लांब जायचं आणि राहायचं मेट्रोशेजारी तूरडाळीच्या दुकानावर? संध्याकाळी गर्दी ओसरल्यावरचं अल्फामा तिथे राहणाऱ्यालाच दिसतं.

तेजोकाठी
१० फेब्रुवारी, दुपारी १:२०

जोशी, तुम्ही म्हणता ते अल्फामा मी पाहिलंय. मी पहिली तीन वर्षं तिथेच भाड्याने राहिलो. माझ्या खालच्या मजल्यावर एक विधवा बाई होत्या, मला 'मेनीनू' म्हणायच्या, म्हणजे पोरा. मी ऑफिसातून उशिरा आलो की दारात सूपचं भांडं. घरमालकाने इमारत विकली आणि आम्ही दोघंही बाहेर पडलो, त्या नदीपलीकडे मुलीकडे गेल्या. आता त्या इमारतीच्या दाराशेजारी पाट्या आहेत, 'एएल' लिहिलेल्या, म्हणजे प्रवाशांना भाड्याने द्यायची परवानगी. मागच्या वर्षी त्या गल्लीतून गेलो तर दोऱ्यांवर कपडे कमी आणि पाट्या जास्त. तुमच्या समोरच्या आजी कपडे वाळत घालत होत्या, त्यांचं पुढे काय झालं ते बघा कधी गेलात तर.

महापालिकेने अशा भागांत नव्या परवान्यांना लगाम घातलाय. पण गेलेली माणसं काही परत आली नाहीत. असो. ताईंच्या धाग्यावर माझं रडगाणं नको.

भटका_जोशी
१० फेब्रुवारी, दुपारी १:५०

नाही, बरं झालं सांगितलंत. माझी दुसरी फेरी २०१४ ची. त्यानंतर गेलेलो नाही.

हाडवैदू
१० फेब्रुवारी, रात्री ८:०५

दोघांचंही साधेल असं सुचवतो. राहा खाली, पण एक संध्याकाळ अल्फामाला द्या. वर जाताना वाहन आणि येतानाही वाहन. तेजोकाठी, अशी बस आहे का? मी बातम्यांत वाचलं होतं की ग्लोरियाच्या त्या उतारावरच्या गाडीला अपघात झाला होता.

तेजोकाठी
१० फेब्रुवारी, रात्री ९:३०

हो. ३ सप्टेंबर २०२५ ला ग्लोरियाची गाडी घसरली, १६ माणसं गेली. त्यानंतर बाकीच्या तशा गाड्याही थांबवल्या. तेव्हा 'घराजवळ एलेव्हादोर (म्हणजे अशी उतारावरची गाडी) आहे' अशा जाहिरातीवर बेत आखू नका.

किल्ल्यासाठी ७३७ नंबरची छोटी बस आहे, प्रासा दा फिगैराहून सुटते. ती थेट वर नेते आणि तीच खाली आणते. पावसाच्या दिवशी तर चालत उतरूच नका. इथले पदपथ छोट्या चुनखडीच्या दगडांचे, वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेले. ओले झाले की साबण. 'पावसाळी चप्पल' घरीच ठेवा, चांगली पकड असलेले बूट आणा.

शाकाहाराचं राहिलं. सूप बहुतेक सगळीकडे मिळतं, पण हिरव्या पानांच्या त्या प्रसिद्ध सूपमध्ये सॉसेजची चकती असते, विचारून घ्या. कॉफीच्या दुकानात काचेआड समोसा दिसेल, नाव 'शामुसा', गोव्याकडूनच इथे आलेला. आनंदाने उडी मारू नका, आत बहुतेक खिमा असतो. उत्तरेला लुमियारमध्ये राधाकृष्णाचं मंदिर आहे. गुजरात-दीवची मंडळी, बरीचशी मोझांबिकमार्गे आलेली. तिथल्या भोजनालयात शाकाहारी थाळी मिळते, आईंना बरं वाटेल.

पावसाळी_चप्पल
११ फेब्रुवारी, रात्री १०:००

सगळ्यांचे मनापासून आभार. अल्फामा रद्द केलं. नवऱ्याला 'इश्कादिन्याश'चा अर्थ सांगितला, तो म्हणाला बॅगा मी उचलणार होतो ना, मग मला का नाही विचारलंस. अरोइउशला एक घर सापडलंय, 'अव्हनीदा'वरच, तिसरा मजला, स्वयंपाकघर, 'लिफ्ट आहे' असं ठळक अक्षरांत. रात्रीचे १२८ युरो. फोटोत फरशा निळ्या नाहीत, करड्या आहेत. आई म्हणाली, फरशी पुसायला थोडीच जायचंय.

पावसाळी_चप्पल
२३ मे २०२६, दुपारी ४:२०

परत आलो. ज्यांनी ज्यांनी मदत केली त्यांना वृत्तांत देणं भाग आहे.

आधी हाडवैदू, तुमची माफी. तुमचा तिसरा प्रश्न घरमालकाला विचारायचा राहिला. लिफ्ट होती, खोटं नव्हतं. पण इमारतीच्या दारातून आत गेलं की समोर संगमरवरी सहा पायऱ्या, आणि लिफ्ट त्या पायऱ्यांच्या वर. कठडा नाही. लिफ्ट एवढीशी, लाकडी दोन झडपांची, त्यात आई आणि एक बॅग किंवा आई आणि लेक. पहिल्या दिवशी माझं तोंड उतरलं. आईने भिंतीला हात लावला, एकेक पाय टेकत सहा पायऱ्या चढली आणि म्हणाली, 'मोजक्या आहेत, चालेल.' सहा दिवसांत तिला त्या पाठ झाल्या. शेवटी शेवटी मोजतसुद्धा नव्हती.

बाकी जागा सोन्यासारखी. पहाटे सहाला चहा, सातला खाली पाववाल्याकडे. आई आणि लेक दोघीच जायच्या. घरमालकाने पहिल्या दिवशी किल्ली हातात देताना 'शाव' म्हटलं, आई लगेच म्हणाली, 'चावी.' तो हसला. मग दोघांचा खेळच सुरू झाला. बादलीला 'बाल्द', साबणाला 'साबाँव', कोबीला 'कोव्ह'. आईला इंग्रजीपेक्षा पोर्तुगीज जास्त येतं असं लेकीने जाहीर केलं.

आणि कोथिंबीर! मला वाटलं होतं युरोपात काडी काडी मोजून घ्यावी लागेल. तिथे प्रत्येक दुकानात जुडीच्या जुड्या. ते लोक स्वयंपाकात चिक्कार वापरतात. आईने पहिल्याच संध्याकाळी वरणावर अशी घातली की वरण दिसेना.

जोशी, अल्फामा केलं. ७३७ ने वर गेलो, किल्ला बघितला, सूर्य उतरेपर्यंत नदीकडे बघत बसलो. तुम्ही म्हणता ते खरं आहे, तो उजेड वेगळा. मग माझा मोह अनावर झाला आणि 'एवढीशीच गल्ली उतरू' म्हणाले. एवढीशी नव्हती. मधेच आई एका उंबऱ्यावर बसली. तिथल्या आजीबाई दारात छोट्या टेबलावर बाटली आणि इवलेसे पेले घेऊन बसल्या होत्या. त्यांनी आईला एक पेला दिला. रंग अगदी कोकमाच्या आगळासारखा. आईने एका घोटात संपवला, जरा थांबली आणि म्हणाली, 'आंबट छान आहे, पण घसा का जळतोय?' चेरीची दारू होती. नवरा अजून हसतोय. त्या रात्री गुडघा सुजला, बर्फ लावला, दुसरा दिवस बागेत बसून काढला. हाडवैदू, ओरडू नका, कळलंय.

जोशी, तुमची आजी दिसली की नाही कुणास ठाऊक, पण पाट्या मोजल्या. त्या एका गल्लीत अकरा.

तेजोकाठी, तुम्ही मंदिरात भेटायला आलात, आईला तिथून घरापर्यंत सोडलंत, त्याबद्दल काय बोलू? गोडा मसाला पुरवून वापरा. संपला की कळवा.

हाडवैदू
२३ मे, सायंकाळी ६:३०

ओरडत नाही. बर्फ लावलात हे बरं केलंत. चेरीच्या औषधाबद्दल मौन.

तेजोकाठी
२३ मे, रात्री ११:१०

मसाला अर्धा संपला. आईंनी सांगितल्याप्रमाणे आमटीत घातला, बायको म्हणाली आज काहीतरी वेगळं आहे. मी सांगितलं नाही काय ते.

केसरभात
२४ मे, सकाळी ८:४५

वाचून मजा आली. त्या घराचा दुवा व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवाल का? सप्टेंबरात सासूबाईंना घेऊन जायचा विचार आहे. आणि एक विचारते, त्या सहा पायऱ्या चढताना भिंत कुठल्या हाताला येते? त्यांचा डावा गुडघा दुखतो.

पावसाळी_चप्पल
२४ मे, सकाळी ९:०२

व्यनि केला. चढताना भिंत डाव्या हाताला. उतरताना नवऱ्याला पुढे उभं करा.